वाणात गेलेली होडी

४ जानेवारी

पक्कड सापडली. फ्रिजवर, पावाच्या पिशवीखाली.

फळीवर तिची जागा आहे. प्रत्येक खिळ्यामागं त्या त्या हत्याराची आकृती मीच निळ्या पेन्सिलीनं काढून दिली आहे, शाळेत सिस्टर बर्था शिवणाच्या कपाटात कात्र्यांच्या काढायची तशी. कात्री उचलली की मागं तिची सावली राहायची, आणि तास संपल्यावर एकही सावली उघडी दिसता कामा नये. आमच्या गॅरेजमध्ये सगळ्याच सावल्या उघड्या. पकडीच्या खिळ्याला म.ची माकडटोपी.

म. म्हणाला, "वाळूजला टूलरूममध्ये माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. एक स्क्रू हरवला नाही."

"चौदा माणसं होती म्हणूनच."

मीनल सोफ्यावरून हसली आणि पोट धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी अठ्ठावीस तारीख दिली आहे.

दुपट्याचे अठ्ठेचाळीस तुकडे कापून ठेवले. आईचं जुनं इरकल, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मीनलला दवाखान्यातून घरी आणलं ते आईनं शिवलेल्या दुपट्यात. आता मीनलचं बाळ माझ्या दुपट्यात. मशीनही तेच, आईचं, हातानं फिरवायचं काळं. मी तिसरीत असताना छावणीतलं एक साहेबाचं घर आवरलं गेलं, तिथून टांग्यातून आलं होतं. आई टांग्यात मशीन मांडीवर घेऊन बसली होती, मी खाली पायाशी.

तीस तुकडे जोडून झाले आणि मशीन टाके सोडायला लागलं. गॅरेजमधून आवाज, "बघू का?"

"नाही."

"नुसतं तेल."

"नाही."

९ जानेवारी

गुलमंडीत गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पंचवीस स्टीलच्या डब्या घेतल्या, तळहातावर मावतील एवढ्या, झाकण घट्ट. दोन तासांत परत आले, तर मशीन गॅरेजमध्ये उताणं पडलेलं. चाक एकीकडे, दांडा दुसरीकडे.

"मी नाही म्हटलं होतं."

"तू 'बघू नका' म्हणालीस. मी बघितलं नाही, उघडलं."

मीनल म्हणते बाबांनी पेपर वकिलीचा द्यायला हवा होता.

११ जानेवारी

म. दोन दिवस एकेक भाग पॉलिश करतोय. त्यात होडीही. टाक्याचा खालचा दोरा जिच्यातून येतो ती शटल, आकार अगदी नावेचा, म्हणून आई तिला होडी म्हणायची. इतकी चकाकते आहे की मला जुना राग आठवायला वेळ लागला.

डब्या मोजल्या. चोवीसच. शोधलं तर पंचविसावी म.च्या बाकावर, खिळ्यांच्या शेजारी, वरती तेलकट बोटाचा ठसा. ह्या माणसाला नवी वस्तू दिसू नये. पुसली आणि ढिगात ठेवली. काही बोलले नाही. सणाच्या तोंडावर किती बोलायचं.

१२ जानेवारी

मशीन जोडून झालं. होडी नाही.

होडीवाचून मशीन म्हणजे नुसतं फिरणारं चाक. शहागंजात आपल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांकडे म. जाऊन आला. ते म्हणाले, "साहब, ये निजाम के टाइम का माल है. अब किधर मिलता?"

म. म्हणतो, "मी जपून ठेवली आहे."

"कुठं?"

"तेच तर आठवत नाही."

अठरा तुकडे उरले आहेत. सोळा दिवस.

१३ जानेवारी

सकाळपासून शोध. होडी सोडून सगळं सापडतंय.

ग्रीसच्या डब्यात माझी चांदीची पिन. 'फ्यूज' लिहिलेल्या खोक्यात मीनलच्या पहिल्या सायकलची घंटा. घंटेत तीन इंची खिळे. बेअरिंग काढायचा पुलर, ज्याच्यावरून म. पाच वर्षं मागच्या शेजाऱ्यांशी बोलत नव्हता, तो आमच्याच माळ्यावर, माझ्या लग्नातल्या पितळी डब्यात. बारीक माप घ्यायचा जबडेवाला व्हर्नियर, पंपाच्या खोक्यात. जाड कानस दाराची खिट्टी झालेली, आम्ही सगळे रोज तिला हात लावतो.

प्रत्येक वस्तूला म. ओरडतो, "अगं बघ, ही!" चेहरा असा की मुलगी सासरहून आली.

मी कमरेवर हात. टूलरूम, चौदा माणसं, फळीवरच्या सावल्या, सगळं काढलं. आता वाचताना वाटतं, जरा जास्तच काढलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला-घेतला. दोघंही गोड बोललो नाही. मीनल म्हणाली, निदान माझ्या बाळाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात भांडा.

१५ जानेवारी

हळदीकुंकू. पंचवीसच्या पंचवीस डब्या गेल्या.

कन्नडहून वहिनी पहिल्या एस.टी.नं आल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई. येऊन आधी मीनलच्या पोटावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई वाळलीस ग." दर वर्षी हेच म्हणतात आणि दर वर्षी मी जाडच झालेली असते. डबी हातात घेऊन फिरवून पाहिली. "एवढुशीच?" पदरात बांधली. मागच्या वर्षी प्लास्टिकची चाळणी दिली होती, तेव्हा तर काही बोलल्याच नव्हत्या. वहिनींना माझं काही कधी पुरलं नाही. कॉन्व्हेंटची पोर, हिला काय कळणार देण्याघेण्यातलं, हे एकदा मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं आहे. त्याला बत्तीस वर्षं झाली.

शेजारची नसीमही आली. ती आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिला कुंकू नाही, तिळगूळ आणि डबी. डबी उघडून आत पाहत म्हणाली, "खाली है क्या? कंजूस."

१६ जानेवारी

जेवताना म. एकदम थांबला. घास हातात.

"आठवलं. फडक्यात गुंडाळली. आवाज होऊ नये, ओरखडा येऊ नये म्हणून. आणि एका नव्या डबीत ठेवून झाकण लावलं. बाकावर."

मग भुवया गोळा. "पण मग ती डबी कुठं गेली?"

मी म्हटलं, "आमटी वाढू का?"

देवा. पुसून ठेवली ती मीच. वाजली नाही, म्हणून उघडलीही नाही. पाच दिवस ह्या माणसाला मी...

१७ जानेवारी

म. गॅरेजमध्ये डबी शोधतोय. मी नसीमकडे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरेकू क्या फादर समझी? कन्फेशन घरी जाऊन मधुकरभाईंपाशी कर."

"करीन. आधी होडी मिळू दे."

"वाण दिलेलं परत मागतात का तुमच्यात?"

"नाही मागत."

"तो फिर?"

तो फिर आम्ही दोघींनी मिळून एक खोटं रचलं. डब्यांची झाकणं सैल निघाली, दुकानदार बदलून देतो आहे, तर डबी द्या. नसीम म्हणाली, सिस्टर बर्था असती तर आपल्याला दोघींनाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं. मग आम्ही जरा वेळ सिस्टर बर्थाबद्दलच बोललो. तिच्या झग्याला साबणाचा आणि खडूचा वास यायचा.

१८ जानेवारी

अशी फजिती शत्रूवर येऊ नये.

समोरच्या कुलकर्णीबाई: "माझं झाकण तर इतकं घट्ट की ह्यांनी दात लावून उघडलं." पण बदलून मिळते म्हटल्यावर डबी दिली. शिवाय आणखी एक दिली, भलतीच मोठी, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी दिलेली. "हीही बघा ना होते का."

संध्याकाळपर्यंत मला कुणाच्या दारात जायची गरज उरली नाही. बायका आपणहून येत होत्या. एकोणीस डब्या झाल्या. एकीत तुळशीचं बी, एकीत सेफ्टी पिना, एकीत दातांची कवळी. कुणाची ते इथंसुद्धा लिहीत नाही. एक डबी मागच्या गल्लीतून आली, जिथं मी कुणाला बोलावलंच नव्हतं. म्हणजे माझं वाण तीन दिवसांत पुढच्या हळदीकुंकवात जाऊनही आलं.

होडी कशातच नाही.

मीनलनं विचारलं, "आई, आपण डब्यांचं दुकान काढतोय का?" म. दारात उभा राहून सगळं बघून गेला. 

१९ जानेवारी

दुपारी कन्नडहून फोन.

"शैला बोलू राह्यली का? अगं, मी काल डबी उघडली. येड्यावानी झालं मला. चांदीची होडी! आन् वर म्हनली नाय एका सबदानं!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भाऊजींचीच कल्पना असंल. लहान असताना वहीची पानं फाडून होड्या करायचे, नदीत सोडायचे. मी लई मारायची, मग मीच करून द्यायची. इतक्या वरसांनी ध्यानात ठेवलं त्यांनी. देवघरात ठिवलीय बग. गल्लीतल्या समद्या बाया पाहून गेल्या. मी म्हनलं, धाकट्या जावंनं दिलीय. कॉन्व्हेंटवाली."

"वहिनी..."

"तुला वाटत असंल, मला काय समजत नाय. समजतं व्हय."

फोन ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी त्यांना पुरलं. ते माझं नव्हतंच.

म. पॉलिश इतकं चांगलं का करतो.

२० जानेवारी

ईद. नसीमनं शीरखुर्मा पाठवला, माझ्याच डबीत. आत काजू जास्त, वर चिठ्ठी: खाली नहीं है.

शीरखुर्मा वाटीत वाढून म.समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाकावरची डबी, पुसणं, गुंडाळलेली म्हणून न वाजणं, झाकणांचं खोटं, वहिनींचा फोन. सगळं एका दमात, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं.

म.नं वाटी चाटूनपुसून संपवली.

"म्हणजे मी ठेवली तिथंच होती."

"हो."

"टूलरूमच्या पद्धतीनं. फडक्यात. झाकण लावून."

"हो. हो. हो."

"मग ठीक आहे." आणि दुसरी वाटी मागितली.

नंतर माझा हात धरून म्हणाला, वहिनींकडून ती परत मागायची नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी वहिनी लग्न होऊन घरात आल्या, तेव्हा म. नऊ वर्षांचा, आई नसलेला. वहिनी पंधराच्या. होड्यांचं मला कधी बोलला नव्हता. "मी नवी करतो," म्हणाला. "पोलादाचा तुकडा आहे, कानस सापडली आहे. फक्त माप पाहिजे. केसाएवढंही चुकून चालत नाही त्यात."

माप कन्नडला. देवघरात.

२२ जानेवारी

मीनलला नसीमच्या ताब्यात देऊन सकाळच्या गाडीनं कन्नड. म.च्या कोटाच्या आतल्या खिशात व्हर्नियर. उसाच्या गाड्यांमागं अडकलो, अर्धा तास उशीर.

बेत असा: मी वहिनींना स्वयंपाकघरात गुंतवायचं, म.नं देवघरात जाऊन मोजायचं.

मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या आमटीच्या येसराचं प्रमाण सांगा ना."

वहिनींनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. "तीस वरसांत येसर इचारलं नाय. आज पोटुशी लेक घरी टाकून इचारू राह्यली?" पण सांगायला बसल्या. धणे, बाजरी, हरभऱ्याची डाळ. मी लिहून घेतलं. लांबी, रुंदी, खोली ह्यांना किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक जिन्नस किती भाजायचा हेही विचारलं.

लवंगेवर आलो असताना वहिनी उठल्या. मी पदर धरणारच होते. गेल्याच.

देवघरात म. गुडघ्यांवर. बाळकृष्ण बाजूला सरकवलेला. होडी व्हर्नियरच्या जबड्यात.

"भाऊजी, देवाला काय लावू राह्यले?"

"वहिनी... नमस्कार करतोय."

"चिमट्यानं?"

म.नं होडी जबड्यातून सोडवली. म्हणाला, "कारखान्याची सवय."

वहिनींनी होडी त्याच्या हातातून घेतली, पदरानं पुसली, कुंकू लावलं आणि परत जागेवर ठेवली. "रोज न्हाऊ घालते हिला. दुधानं, मंग पान्यानं. देवासंगं." दूध आणि पाणी ऐकून म.नं डोळे मिटले. होडीच्या टोकाला तांबूस ठिपका मलासुद्धा दिसला.

जेवलो. पुरणपोळी. निघताना वहिनींनी मला बाहेरच्या खोलीत कुंकू लावलं, ओटी भरली आणि माझीच ती डबी माझ्या हातात दिली. लाल नाडा गच्च बांधलेला, सात गाठी.

"डबी मोकळी धाडू नाय. बाळ घरात आल्यावर उघड. आधी उघडली तर माझी शप्पत हाय."

गाडीत म.नं विचारलं, "निघताना देवघरात पाहिलंस का? होडी होती का तिथं?"

"पडदा ओढलेला होता."

२३ जानेवारी

माप हरवलं.

एस.टी.च्या तिकिटामागं लिहिलं होतं. कोटाचे सगळे खिसे, पिशवी, चपला. म. पुन्हा गॅरेज उपसायला निघाला. मी नेहमीच्या सुरात "टूलरूममध्ये..." एवढं म्हणाले आणि ही वही उघडली. तिकीट आत. कालची खूण म्हणून मीच घातलेलं.

नेऊन दिलं. म. म्हणाला, "काही बोलू का?"

"नका बोलू."

बोलला नाही. शीळ मात्र घातली.

२५ जानेवारी

म. दोन दिवस कानस चालवतोय. होडी आकाराला आली आहे. मशीनमध्ये जाते, पण अडते. केसभर जाड. परत घासतो, परत घालतो.

मी वाट पाहणं सोडलं. उरलेले अठरा तुकडे हातानं जोडायला बसले. नसीम म्हणाली, माझी विजेची मशीन ने, दहा मिनिटांत होईल. नको म्हटलं. तर सुई घेऊन तीच येऊन बसली. सिस्टर बर्थाचा धावदोरा, एका इंचात बारा टाके. चष्मे दोघींचे. नसीमचे दहा येतात, माझे नऊ. मीनल मोजत होती.

शिवता शिवता एक गोष्ट मनात आली आणि सुई बोटात गेली.

चांदीला गंज येत नाही.

वहिनी पन्नास वर्षं घरातलं चांदीचं ताम्हन घासतात. तो तांबूस ठिपका त्यांना दिसला नसेल? मग तो कधी दिसला? फोन करायच्या आधी की नंतर? का गल्लीतल्या बायका येऊन गेल्यावर?

नसीमला विचारलं. ती दोरा तोडत म्हणाली, "मालूम रहता सबकू. बोलते नहीं."

२७ जानेवारी

सकाळी आठला मीनलच्या कळा. म. रिक्षा आणायला धावला तो एका पायात बूट, एका पायात चप्पल. दुपटं पिशवीत टाकलं. पाच तुकडे अजून बाकी.

सव्वातीनला मुलगी. पाच तुकडे मी दवाखान्याच्या बाकावर बसून जोडले. शेवटचा टाका घातला तेव्हा आतून रडल्याचा आवाज आला. मीनलसारखाच, भांडखोर.

२९ जानेवारी

उद्या अकराला दोघी घरी.

दुपटं उघडून पाहिलं. तीस तुकड्यांवर मशीनचे टाके, सरळ, आईच्या वेळचे वाटावेत असे. अठरा हाताचे, थोडे तिरके, काही नसीमचे. कुठून कुठं बदललं ते बोट फिरवलं की कळतं. मला वाटलं होतं वाईट वाटेल.

वहिनींना फोनवर बातमी दिली. "लेक? बेस झालं." मग, "डबी उघडली का?"

"तुमची शपथ आहे ना."

"हां." मग, "भाऊजींना म्हनावं, चिमटा आना पुढल्या बारीला. निरांजनाची दांडी ढिली झालीय." आणि ठेवला.

म. गॅरेजमध्ये त्याची होडी घासतो आहे. आज निम्म्यापर्यंत जाते म्हणाला. फळीवर पकडीच्या शेजारी मी निळ्या पेन्सिलीनं होडीची सावली काढून दिली, खाली खिळा नाही, छोटी पट्टी ठोकली. म. म्हणाला, "कुठल्या होडीची?" मी म्हटलं, "जी येईल तिची."

डबी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. सात गाठी. मी शपथ पाळणारी बाई आहे, पण हलवून पाहू नये असं काही वहिनी म्हणाल्या नव्हत्या. हलवली. कानाशी धरून पुन्हा हलवली.

काही वाजलं नाही.

म.ला हाक मारून सांगितलं, रिकामीच दिसते. तो कानस हातात घेऊन दारात आला. म्हणाला, "वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवायची सवय मला कारखान्यानं नाही लावली. वहिनींनी लावली."

मग दोघंही डबीकडे बघत बसलो. उद्या अकरापर्यंत चहा किती वेळा होणार आहे देव जाणे.